पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा, नोंद तिसऱ्याकडे

*ताई, नमस्कार. मी वरणगावचा, फॅक्टरीत नोकरीला आहे. लहानपणापासून गळ टाकायचा नाद. यंदा बोनसच्या पैशातून हवा भरायची दोन माणसांची बोट घेतली, पावणेतीन मीटरची. मागे लावायला ५५ पौंड रेट्याची इलेक्ट्रिक मोटर आणि १०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी. मोटर विकणारा म्हणाला, पेट्रोल नाही तर नोंदणीही नाही. आरटीओजवळचा एजंट म्हणाला, बोटीचं पासिंग इथे होत नाही. मित्र म्हणतो, मच्छीमारांच्या ऑनलाइन पोर्टलवर नाव टाकून मोकळा हो. मला हतनूरला जायचंय, नंतर एकदा अनेर धरणावर. नऊ वर्षांच्या मुलालाही नेणार आहे, त्यावरून घरात रोज वाद होतो. नेमकं कुठं जाऊ?*
*— एक गळवाला, वरणगाव*

भाऊ, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते, कारण तुम्ही किती जणांना विचारून थकलात ते पत्रातून दिसतंय. नोंदणी लागते. ती महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते. खान्देशात समुद्र नाही, म्हणून हे नाव तुम्हाला कुणी सुचवलं नसेल. पण राज्यातल्या नद्या आणि धरणांत चालणाऱ्या यांत्रिक नौकांची नोंदही तेच मंडळ करतं. मुख्यालय मुंबईत आहे. मात्र उद्याच मुंबईची गाडी धरू नका. तुमच्या बाबतीत सागरी मंडळाचं दार तिसरं आहे. पहिली दोन इथेच, तुमच्या जिल्ह्यात आहेत. ती उघडली नाहीत तर मंडळाचा कागद हातात असूनही बोट पाण्यात उतरणार नाही.

तुम्हाला तिघांनी जे सांगितलं ते आधी निस्तरू. आरटीओच्या एजंटाचं खरं आहे. आरटीओ रस्त्यावरच्या वाहनांचं बघतं, बोटीशी त्याचा संबंध नाही. मोटर विकणाऱ्याचं मात्र चुकलं आणि ही चूक मी फार जणांच्या तोंडी ऐकते. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा, म्हणजे देशातल्या नद्या-धरणांतल्या नौकांचा कायदा, २०२२ पासून लागू झाला. तो १९१७ च्या कायद्याच्या जागी आला. त्या जुन्या कायद्यातही विजेवर चालणारी नौका यांत्रिकच धरलेली होती. टाकीत पेट्रोल आहे की डब्यात बॅटरी, यावर काही ठरत नाही. पंखा फिरून नौका पुढे जाते ना, मग ती यांत्रिक. यांत्रिक म्हटलं की तपासणी, नोंदणी आणि विमा हे तिन्ही आलं.

मित्राचा सल्ला सगळ्यांत धोक्याचा. ते पोर्टल, रिअलक्राफ्ट, समुद्रात मासेमारी करणाऱ्या नौकांसाठी आहे. राज्याचा १९८१ चा मासेमारी नियमन कायदासुद्धा सागरीच. तिथं तुमची धरणातली बोट घालायची म्हणजे बंदर, जाळ्याचा प्रकार, खलाशी असं सगळं खोटं भरावं लागेल. करू नका. दुसरं असं की, समुद्री कायद्याखाली नोंदलेल्या मासेमारी नौका अंतर्देशीय कायद्यातून वगळल्या आहेत. एवढं अर्धवट ऐकून काही जण म्हणतात, ‘आपण मासेच धरतो, आपल्याला सूट आहे.’ सूट तिकडे नोंद असलेल्या नौकांना आहे. हौसेनं गळ टाकणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही.

आता पहिलं दार. मी तुम्हाला सगळ्यात आधी मच्छीमार सहकारी संस्थेकडे पाठवतेय, हे वाचून आश्चर्य वाटेल. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. आमचं निम्मं लहानपण धरणांच्या कॉलन्यांमध्ये गेलं. धरणावर भांडण कशावरून होतं ते मी तिथं पाहिलंय. साहेब लोक क्वचित येतात. भोई आणि कोळी बांधव मात्र रोज पाण्यावर असतात. मोठ्या धरणांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्यानं दिली जाते आणि तो ठेका बहुतेक वेळा स्थानिक संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरून बोटुकली सोडते, म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं, आणि ती वाढण्याची वाट बघते. तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला कुणीतरी विकत घेऊन सोडलेला असतो. त्या माणसाला न विचारता मोटरबोट घालणं म्हणजे दुसऱ्याच्या केळीच्या बागेत पिशवी घेऊन शिरण्यासारखं आहे. रावेर-यावलकडच्या माणसाला हे जास्त समजवायला नको.

शिवाय जाळ्यांचा प्रश्न आहे. संध्याकाळी जाळी लावतात, पहाटे काढतात. वर खूण म्हणून थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असतात. अंधुक उजेडात त्या दिसत नाहीत. एकदा एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मी विचारलं होतं की या बिनआवाजी मोटरींनी तुम्हाला काय त्रास, मासा तर पळत नाही. ते म्हणाले, “मोटर आवाज करत नही, पन पंखा जाळं फाडस.” जाळं फाटलं की त्या घरचे दोन-तीन दिवस दुरुस्तीत जातात. पंख्यात नायलॉनचा धागा गुंतला की तुमचीही मोटर बसते, वल्हं मारत परत यावं लागतं.

संस्थेला विचारा: ठेका सध्या कुणाकडे आहे, कधीपर्यंत आहे, गळाला पास मिळतो का, मिळत असेल तर बोटीतून टाकलेला चालतो की फक्त काठावरून, आणि जाळी कोणत्या भागात लागतात. जे ठरेल त्याची पावती घ्या. तोंडी ‘या हो भाऊ’ गोड वाटतं, पण उद्या संस्थेचा चेअरमन बदलला की ते ‘या हो’ कुणाच्या लक्षात राहत नाही. जळगावला मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय आहे. ठेक्याबद्दल शंका असेल तर तिथं विचारता येतं.

दुसरं दार जलसंपदा विभागाचं. मासा संस्थेचा असला तरी पाणी आणि जमीन त्यांची. हतनूरची देखभाल बघणाऱ्या उपविभागाला साध्या कागदावर अर्ज द्या: बोटीची लांबी, माणसं किती, मोटर विजेची, उद्देश हौशी मासेमारी, कोणत्या काठावरून उतरणार. पोच घ्या, म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. धरणाच्या भिंतीजवळ, दरवाज्यांसमोर, पाणी उचलायच्या विहिरींपाशी जायला मिळणार नाही आणि मिळूही नये. दीपनगरच्या वीजकेंद्रापासून तुमच्या फॅक्टरीपर्यंत कितीतरी जण या पाण्यावर आहेत. कुठपर्यंत जायचं त्याची हद्द नकाशावर खूण करून घ्या.

ही दोन उत्तरं होकाराची आली की सागरी मंडळ. तुम्ही राज्याचे रहिवासी म्हणून अर्ज महाराष्ट्राच्याच मंडळाकडे होईल. सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, बोट आणि मोटर दोन्हींची बिलं आणि वरच्या दोन्ही परवानग्यांच्या प्रती जोडा. या प्रती कुणी मागो न मागो, द्या. पावणेतीन मीटरची रबरी दिसणारी बोट बघून टेबलापलीकडच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार की ही चालवणार कुठे. त्याचं उत्तर शिक्क्यासकट समोर असलं की बोलणं पुढे सरकतं. कुणी ‘एवढ्याशा बोटीला काही लागत नाही’ असं म्हणालं तर भांडू नका, फक्त तेच वाक्य लेखी मागा. लेखी मिळालं तर तो कागद बोटीच्या पिशवीत ठेवा. काठावर पोलीस किंवा जलसंपदाचा कर्मचारी विचारेल तेव्हा ‘साहेब म्हणाले होते’ याला काही किंमत नसते.

बिलाकडे आजच बघा. परदेशी मालाची ऑनलाइन बिलं मी पाहिलीत, त्यात कधी ‘वॉटर टॉय’ लिहिलेलं असतं, कधी नुसतं ‘स्पोर्ट्स गुड्स’. अशा बिलावर नौकेची नोंद कशी होणार? विक्रेत्याकडून जीएसटीसह दुरुस्त बिल मागून घ्या. त्यात इन्फ्लेटेबल बोट हे शब्द, मॉडेल, बोटीचा क्रमांक आणि मोटरचा सीरियल नंबर हवा. बोटीचा क्रमांक बहुधा मागच्या लाकडी फळीवर, जिथं मोटर अडकवतो तिथं, कोरलेला किंवा चिकटवलेला असतो. त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, ऊन-पाण्यानं ही अक्षरं पुसतात.

त्याच फळीवर किंवा बोटीच्या कडेच्या हवा भरलेल्या नळीच्या आतल्या बाजूला एक पाटी असते. तिच्यावर माणसं किती, एकूण वजन किती, मोटर जास्तीत जास्त केवढी आणि हवेचा दाब किती हे लिहिलेलं असतं. युरोपच्या बाजारासाठी बनवलेल्या छोट्या बोटींवर ‘सी’ किंवा ‘डी’ असं अक्षरही दिसतं. ‘डी’ म्हणजे आडोशाचं, शांत पाणी, साधारण वीतभर उंचीच्या लाटा, त्याहून जास्त नाही. पाटीच नसेल तर मी स्पष्ट सांगते, ती वस्तू पोहण्याच्या तलावातलं खेळणं आहे. तिला मोटर लावू नका आणि नोंदणीच्या खटाटोपातही पडू नका. पाटी असेल तर बेरीज करा. तुम्ही, मुलगा, साधी शिशाची बॅटरी म्हणजे पंचवीस ते तीस किलो, मोटर, सामान, पाणी. पाटीवरच्या आकड्याच्या बऱ्याच खाली राहायला हवं.

तपासणीसाठी बोट दाखवावी लागली तर आदल्या दिवशीच हवा भरून सावलीत ठेवा. बोटीत दोन-तीन वेगळे कप्पे असतात. एकाची हवा सोडली तरी बाकीच्यांवर ती तरंगली पाहिजे. हे तपासणाऱ्याच्या आधी तुम्हीच घरी करून बघा. नोंदणी क्रमांक मिळाला की तो ठळक दिसेल असा लावायचा असतो. नळ्यांवर साधा ऑइलपेंट किंवा स्प्रे मारू नका, पीव्हीसीवर तो टिकत नाही, बोटीची दोनदा घडी घातली की सोलून निघतो. पीव्हीसीच्याच तुकड्यावर अक्षरं कापून पीव्हीसीच्या सोल्यूशननं चिकटवा. नव्या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते: एका राज्यातली नोंद देशभर चालते. नवापूरकडून उकाईच्या पाण्यात गेलात आणि गुजरातची हद्द लागली, तरी बोटीची दुसरी नोंद करावी लागत नाही. तिथल्या माशाचं आणि पाण्याचं मात्र तिथंच विचारायचं.

‘तोवर मोटर काढून वल्ह्यानं फिरलो तर?’ हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. बिनमोटरच्या होड्यांची नोंद ठेवण्याचं काम नव्या कायद्यानं स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिलंय, म्हणजे तो मार्ग पुष्कळ जवळचा आहे. संस्था आणि जलसंपदा हो म्हणाले तर पहिला हंगाम वल्ह्यानंच काढा असं मी म्हणेन. बोट वाऱ्याला कशी वागते ते हाताला कळतं. मोटर बंद पडल्यावर तीच सवय कामाला येते.

अनेरबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण हे वन्यजीव अभयारण्य आहे. तिथं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि मासाही त्या संरक्षणात येतो. सागरी मंडळाची नोंद तिथं काहीही कामाची नाही. मुलाला अनेर दाखवायचं असेल तर वनविभागाच्या परवानगीनं जा, गळ घरी ठेवून. आणि हतनूरलाही हिवाळ्यात परदेशी बदकांचे थवे उतरतात. ते बसलेले दिसले की बोट लांबूनच वळवा. बिनआवाजाची मोटर त्यांच्या अगदी जवळ जाऊ देते, म्हणूनच तुम्ही जास्त जपायला हवं.

आता घरातला वाद. मी वहिनींच्या बाजूनं आहे, पण मुलाला नेऊच नका असं म्हणत नाही.

हतनूरला ४१ दरवाजे आहेत. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि दोन्ही नद्यांचं पाणी या धरणात येतं. तापीचं मध्य प्रदेशातून, बऱ्हाणपूरकडून, पूर्णेचं विदर्भातून. वरणगावला कडक ऊन असताना तिकडे धो-धो पडत असतो. धरणात गाळ फार साचलाय, त्यामुळे वरून लोंढा आला की दरवाजे लवकर उघडावे लागतात. दरवाजे उघडले की शांत दिसणाऱ्या पाण्यालाही ओढ लागते. ५५ पौंडांची मोटर त्या ओढीपुढे काही करू शकत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बोट घरात घडी करून ठेवा. तेवढ्यात मासाही अंडी घालून मोकळा होतो, त्या काळात त्याला न धरणं चांगलंच.

बॅटरीचा हिशेब मुलाला शेजारी बसवून करा, त्याला आवडेल. ही मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० ॲम्पिअर ओढते. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे १०० तल्या ५० च आपल्या. त्या पूर्ण वेगात तासाभरात संपतात. हळू चालवलीत तर कितीतरी जास्त पुरतात. म्हणून नियम असा ठेवा: आपल्या ५० मधली एक तृतीयांश गेली की परत फिरायचं. आणि जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं, म्हणजे थकलेली बॅटरी घेऊन येताना वारा मागून ढकलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा सुटला की ही हलकी बोट पानासारखी सरकते. सकाळी दहाच्या आत काठाला या.

बॅटरीला झाकणाचा डबा, पट्ट्यानं बांधलेला, आणि बॅटरीच्या अगदी जवळ ६० ॲम्पिअरचा ब्रेकर. लोकांना पाण्यात शॉक बसेल अशी भीती वाटते. १२ व्होल्टचा खरा धोका तो नाही. तार घासून शॉर्ट झाली की ती लाल होते, आणि आपण बसलेलो असतो प्लास्टिकच्या हवेवर. चार्जिंग मोकळ्या जागी करा, बंद खोलीत किंवा देवघराच्या दिव्याजवळ नको. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

उन्हाचंही सांगते. माझ्या मावसभावानं अशीच बोट मे महिन्यात गच्चीवर भरून ठेवली होती, कुठं गळते ते बघायला. दुपारी स्फोट झाल्यासारखा आवाज आला, जोड उसवून पडला होता. सकाळी २५ अंशांना ३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा गडद रंगाच्या नळीत ६० अंशांपर्यंत तापली की दाब ५ च्या आसपास जातो. पाण्यात असताना खालून थंडावा मिळतो, पण काठावर ओढली की लगेच थोडी हवा सोडा. तळ टेकेल तिथं बाभळीचे काटे आधी वेचा, बुडालेली जुनी खोडंही गाळात असतात.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं घ्या, मोठ्याचं आवळून नको. मोठं जॅकेट पाण्यात वर निघून जातं आणि मूल खाली राहतं. पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच बघा. काठावर उथळ पाण्यात त्याला जॅकेटसकट पडायला लावा, उठायला शिकवा, आणि मग बोटीत घ्या. तुम्हीही घाला. पट्टीचे पोहणारे म्हणून आपण ते सीटखाली ठेवतो. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत भाविकांची बोट उलटली, माणसं गेली. नदीकाठी वाढलेली माणसं होती ती. वहिनींना एकदा काठावर घेऊन जा आणि ही परीक्षा त्यांच्यासमोर करा. त्या हो म्हणेपर्यंत मुलगा काठावरूनच गळ टाकेल.

या रविवारी बोट घरीच राहू द्या. दोन्ही बिलांच्या झेरॉक्स घ्या आणि पहाटे हतनूरला जा, जाळी काठाला येतात त्या वेळेला. तराजूपाशी संस्थेचं कुणी ना कुणी असतंच. मासे मोजून होईपर्यंत थांबा, मग विचारा. ते काय म्हणाले ते मला कळवा. पासाच्या पावतीवर बोटीचा उल्लेख करून मिळाला, तर जलसंपदाच्या अर्जाचा मसुदा आपण त्यावरून करू.